मोतीदादाच्या मापाची काठी

शुद्धलेखनाच्या चुका असतील, त्या आधीच माफ करा. अक्षरही चांगलं नाही. चौथीनंतर मी लिहिलं ते वाणसामानाच्या याद्या आणि बँकेतल्या सह्या, एवढंच. ही वही माझ्या मुलाची, रोशनची, डिप्लोमाच्या वेळची आहे. पुढच्या पानांवर त्यानं काढलेली यंत्रांची चित्रं आहेत, मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण उद्या कुणाच्या हाताला लागलंच, तर त्याला समजावं म्हणून सगळं क्रमानं सांगायचा प्रयत्न करते.

माझा मोठा भाऊ मोतीराम, आमचा मोतीदादा, जाऊन पाच आठवडे झाले. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर त्यानं आयुष्यभर मासेमारीच्या लाकडी बोटी बांधल्या. बातमी आली ती दुपारी. मी विरारच्या बाजारात सुकट-बोंबील घेऊन बसते, तिथेच वहिनीचा फोन आला. ती रडत नव्हती. "मालू, ते उठत नायत," एवढंच म्हणाली. जेवून ओट्यावर वाकसाला धार लावत बसला होता, वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, आणि तसाच भिंतीला टेकला. वहिनी चहा घेऊन आली तेव्हा हत्यार मांडीवर होतं आणि धार अर्धीच झाली होती... मी टोपलीवर फडकं टाकलं, शेजारणीला सांगितलं आणि रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं तरी मला कुठे जायचं ते तोंडातून निघेना.

बाराव्यानंतर गावातल्या लोकांनी हॉलमध्ये शोकसभा ठेवली. चार जण बोलले. शेवटचे गृहस्थ शिकलेले होते, बोलायची सवय असलेले. त्यांनी दादाचं खूप कौतुक केलं. मग म्हणाले, "मोतीराम अशिक्षित असूनही एवढं काम करून गेले. तांत्रिक शिक्षण नसल्यामुळे शेवटी त्यांची एक बोट चुकली, पण एका चुकीवरून माणसाला मोजू नये." लोकांनी माना हलवल्या. वहिनीनं पदर डोळ्यांना लावला. मी दुसऱ्या रांगेत होते, माझ्या शेजारी रोशन. ती चूक दादाची नव्हती हे त्या हॉलमध्ये दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि रोशनला. आम्ही दोघंही उठलो नाही. मी तर चार माणसांत बोलणारी बाईच नाही. गिऱ्हाइकानं दहा रुपये कमी दिले तरी ते माझ्या घरी आल्यावर तोंडात येतं. पण त्या दिवशी घरी आल्यावरही जे तोंडात आलं ते गेलंच नाही. तेच इथे लिहिते आहे.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. तो दुसरीपर्यंत शिकला, मग वडिलांच्या हाताखाली गेला. मी चौथी पास झाले. पाचवीची शाळा लांब होती आणि आई मासे घेऊन बाजारात जायची, म्हणून घर सांभाळायला मी घरी राहिले. घर सांभाळायचं म्हणजे चूल, पाणी, आणि दुपारी किनाऱ्यावर दादाला भाकरी नेऊन देणं. भाकरी दिली की तो म्हणायचा, "बाय, दोरीचं टोक धर गं जरा." ते जरा म्हणजे संध्याकाळ. बोटीच्या पुढच्या टोकाला मी दोरी धरून उभी राहायची, मागच्या टोकाला तो. मग एक डोळा मिटून तो इतका वेळ बघायचा की माझे हात भरून यायचे. कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. होती ती त्याची काठी.

त्या काठीबद्दल नीट सांगायला हवं. ती आमच्या आजोबांची. माणसाच्या खांद्याएवढी उंच, सागाची, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला निमुळती. जाड टोक रेतीवर टेकवायचं. अंगावर सगळीकडे खुणा कोरलेल्या. एक आडवी खूण रुंदीची, दोन खुणा जवळजवळ असल्या की ती बोटीच्या मागच्या बाजूची उंची, फुलीसारखी खूण इंजिनाच्या बैठकीची. आमच्या किनाऱ्यावर धक्का नाही. ओहोटीला बोटी रेतीवर बसतात आणि समुद्रात जाताना रेतीचा बांध ओलांडूनच जावं लागतं. बोटीची मागची बाजू किती उचलून ठेवायची, म्हणजे ओहोटीलाही इंजिनाचा पाण्याखालचा पंखा रेतीला लागणार नाही, हे त्या दोन खुणांत होतं. आजोबांच्या वेळी शिडाच्या बोटी होत्या. इंजिनं आल्यावर वडिलांनी ती खूण वर सरकवली, पुढे दादानं आणखी वर. जुन्या खुणा पुसट दिसतात, त्यांच्यावर नव्या. मला त्या सगळ्या वाचता यायच्या. मुलगी म्हणून वाकस कधी हातात मिळाला नाही, पण दोरी धरून धरून काठी पाठ झाली.

लग्न होऊन मी विरारला आले. रोशन सातवीत असताना माझे मिस्टर गेले आणि मी त्याला घेऊन परत अर्नाळ्याला दादाकडे आले. दादा-वहिनीला मूल नव्हतं. त्यांनी रोशनला असं वाढवलं की शाळेतल्या बाई मलाच मामी समजायच्या. ओहोटीला बाकीच्या पोरांबरोबर तो रेतीवर पडीक असायचा, रेतीवर बसलेल्या बोटींच्या पोटाखालून रांगत जायचा. दादाला शिक्षणाचं फार. रोशनच्या प्रत्येक निकालाला तो प्लास्टिक लावून आणायचा. दहावीच्या, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या, अगदी चित्रकलेच्या परीक्षेच्यासुद्धा. एकदा वहिनी म्हणाली, "अहो, नापास झाला त्या विषयाच्या कागदालापन लावलंत?" तर म्हणाला, "लेखी तर हाय ना. भिजायला नको." डिप्लोमाची सगळी फी दादानं भरली. मी कधी विचारलं की चिडायचा. "मी बोटी बांधतो त्या पान्यात जातात. ही एक तरी कोरड्यात राहू दे," म्हणायचा. पुढे रोशनला अंधेरीत एका ऑफिसात नोकरी लागली. तिथे बोटींचे आणि यंत्रांचे नकाशे काढतात. दादानं गावभर पेढे वाटले. वाटताना प्रत्येकाला सांगत होता, "भाचा बोटीच बांधतो, पन कागदावर." मग रोशननं विरारला फ्लॅट घेतला आणि मी त्याच्याबरोबर परत विरारला आले.

तीन वर्षांपूर्वी गावातल्या हरेश्वरभाऊंनी दादाला नवीन बोट सांगितली. आता फायबरच्या बोटी आल्या आहेत, लाकडी बोट सांगणारे कमी. हरेश्वरभाऊंना मात्र दादाच्याच हातची हवी होती, त्यांच्या वडिलांची बोटही आमच्या वडिलांनी बांधलेली. पण आता कर्ज आणि नोंदणी हवी तर बोटीचा नकाशा लागतो, शिकलेल्या माणसाच्या सही-शिक्क्याचा. बांधणाऱ्याची सही चालत नाही. दादाला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट आनंद झाला. "आपला रोशन हाय की," म्हणाला.

नकाशा घेऊन रोशन किनाऱ्यावर आला तेव्हा मीही होते. पावसाळ्यासाठी वर ताडपत्री बांधली होती, खाली बोटीचा कणा मांडला होता. दादानं हात पुसले, नकाशा फळीवर पसरला आणि उडू नये म्हणून त्यावर वाकस ठेवला. बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "यात पानी कुठं हाय?"

रोशन हसला. "मामा, ड्रॉइंगमध्ये पाणी नसतं. ही बघ, ही निळी रेघ. पाणी इथपर्यंत धरलंय."

"ही रेघ भरतीची का ओहोटीची?"

"तसं नसतं रे. साधारण धरायचं."

"साधारन भरती मी अजून बघितली नाय," दादा म्हणाला. मग त्यानं काठी आणली, जाड टोक रेतीवर टेकवलं आणि दोन खुणांवर बोट ठेवलं. "तुझ्या कागदात मागची बाजू पाऊन वीत खाली येते. बरोबर का?" रोशननं टेप काढून हिशेब केला. पाऊण वीत बरोबर निघाली. त्यानं टेप गुंडाळली. मग म्हणाला, "मामा, साहेबांनी सही केलीये. आता बदलायचं म्हणजे सगळं परत. आणि हे स्टँडर्ड आहे. सगळीकडे असंच करतात."

इथून पुढचं लिहायला जड जातं. त्या संध्याकाळी दादा ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसला. चहा बशीत ओतला, पण प्यायला नाही. "बाय, काय करू?" असं मला विचारलं त्यानं. साठ बोटी बांधलेल्या माणसानं मला विचारलं... आणि मी, जिला त्या दोन खुणा पाठ होत्या, जिनं त्यांच्यासाठी लहानपणी हात भरून येईस्तोवर दोरी धरली, मी म्हणाले, "दादा, तो शिकलाय. तूच शिकवलंस ना? मग आता त्याचं ऐकायला नको का? नोंदणीच्या ऑफिसातून मापायला माणूस येईल आणि कागदाशी जुळलं नाही तर हरेश्वरभाऊंचं कर्ज अडेल."

दादा हसला. "तू चौथी, मी दुसरी. दोघांची मिळून सहावी होते. तो एकटाच आपल्या दुप्पट शिकला. बरोबर हाय तुझं." आणि बोट कागदाप्रमाणे बांधली. आयुष्यात पहिल्यांदा काठी भिंतीला टेकून ठेवली आणि टेपनं मापं घेतली.

मापायला माणूस आला. पँटला रेती लागू नये म्हणून वर दुमडून आला. टेप लावली, कागद बघितला, टेप लावली, कागद बघितला. एकदाही समुद्राकडे बघितलं नाही. "एकदम ड्रॉइंगप्रमाणे आहे. असं काम बघायला मिळत नाही," म्हणाला. दादानं त्याला शहाळं दिलं. मला तेव्हा किती बरं वाटलं होतं... वाटलं, दादाला आता कागदानंसुद्धा पास केलं.

बोट पाण्यात गेली. नारळ वाहिला, हळद-कुंकू झालं. तिसऱ्या आठवड्यात, ओहोटी लागलेली असताना, परत येणाऱ्या बोटीचा पंखा रेतीच्या बांधाला लागला. शाफ्ट वाकला, मागच्या फळ्या सुटल्या, पाणी आत आलं. माणसं वाचली, दुसऱ्या बोटीनं ओढून आणलं. पण इंजिन गेलं, जाळं गेलं आणि सुरुवातीचा सगळा चांगला हंगाम बोट किनाऱ्यावर पडून राहिली. हरेश्वरभाऊंच्या घरात कर्जाचे हप्ते सुरू झालेले. त्यांनी नकाशाच्या ऑफिसला पत्र दिलं. उत्तर आलं, छापील, शिक्क्याचं: नकाशा नियमाप्रमाणे आहे, बांधणीत कारागिराकडून त्रुटी राहिली असावी.

हरेश्वरभाऊंनी ते पत्र ओट्यावर चार माणसांसमोर वाचून दाखवलं. ते वाईट माणूस नाहीत. "मोतीदादा, तुमीच सांगा, चूक कुनाची?"

दादा म्हणाला, "बोट कुनी बांधली? मी. मंग बोलायचं काय?"

आमच्या घरात आजोबांपासून एक रीत आहे. बांधलेली बोट खोटी ठरली तर बांधणाऱ्यानं आपली मापाची काठी मालकाच्या घरी नेऊन ठेवायची. नुकसान पूर्ण भरून दिल्यावरच ती परत घ्यायची, आणि तोवर नवीन बोट घ्यायची नाही. आजोबांना कधी ठेवावी लागली नाही, वडिलांना नाही. दादानं घरी येऊन काठी फडक्यानं पुसली आणि हरेश्वरभाऊंच्या घरी दारावर आडवी ठेवून आला. त्यांच्याच अंगणात ओढून आणलेल्या बोटीची मागची बाजू, काठी तेवढ्यापुरती दारावरून उतरवून, त्यानं पुन्हा बांधली, मजुरी न घेता, पाऊण वीत वर. ती बोट आजही जाते, ओहोटीलासुद्धा. लोक म्हणाले, म्हाताऱ्यानं चूक सुधारली.

मी एकदाच त्याला विचारलं, "दादा, कागदाचं का नाही सांगितलंस?" म्हणाला, "रोशनची नोकरी नवी हाय. आनि बाय, मला दिसत होतं ना? दिसत असून केलं, मग माझंच." मी ऐकलं आणि गप्प बसले. मला सोयीचं होतं गप्प बसणं. सांगितलं असतं तर कोणी कुणाचं ऐकायला सांगितलं, हेही निघालं असतं.

नवीन बोट घेता येत नाही आणि पैसे तर फेडायचे, म्हणून सत्तरीच्या घरातला माझा भाऊ विरारच्या नव्या इमारतींत फर्निचरच्या कामाला जाऊ लागला. ठेकेदारानं विचारलं, सर्टिफिकेट आहे का, मोबाईलवर डिझाईन वाचता येतं का. दोन्ही नाही म्हटल्यावर हेल्परचा रोज ठरला. म्हणजे फळ्या उचलायच्या आणि भुसा झाडायचा. संध्याकाळी कधीतरी माझ्याकडे चहाला यायचा आणि गमती सांगायचा. "बाय, तिकडं एकजन फक्त बिजागऱ्या लावतो. दिवसभर. मी विचारलं, दार कोन बनवतो? म्हनाला, म्हायीत नाय, कंपनीतनं येतं. मी विचारलं, दार बसलं नाय तर? म्हनाला, तो बसवनारा वेगळा." आणि पोट धरून हसायचा. मला हसू यायचं नाही. मला राग यायचा, आणि कुणाचा ते कळायचं नाही. रोशनचा? त्याच्या साहेबांचा? त्या दुमडलेल्या पँटचा? जो नकाशा काढतो तो किनाऱ्यावर येत नाही. जो सही करतो तो बोट बघत नाही. जो मापतो तो कागद मापतो. सगळे आपापलं काम बरोबर करतात आणि बोट रेतीला लागते. मग त्रुटी कुणाची, तर ज्याला सही करता येत नाही त्याची.

मी शिक्षणाला नावं ठेवत नाही. मला स्वतःला पाचवीत जायचं होतं, अजूनही शाळेच्या कपड्यांतल्या मुली दिसल्या की मी वळून बघते. माझ्या मुलाला शिकवलं याचं मला दुःख नाही. पण एवढी वर्षं शिकवताना त्यांना कुणी हे का शिकवलं नाही, की रेतीवर बसलेल्या माणसालाही एकदा विचारून बघावं? विचारायला काय डिप्लोमा लागतो? आणि मी तरी काय केलं? मी तर रेतीवरचीच. मला न शिकताच शिकलेल्यांसारखं वागता आलं.

त्याची माझी शेवटची भेट बाथरूमच्या दारासाठी झाली. फ्लॅटचं दार फुगून अडकत होतं. सोसायटीच्या माणसानं दोन हजार सांगितले आणि दार बदलावं लागेल म्हणाला. दादा आपला रंधा पिशवीत घालून आला. खाली वॉचमननं अडवलं. "कारपेंटर? किसके यहाँ? सर्व्हिस लिफ्ट से जाना." दादा वर येऊन म्हणाला, "तुज्याकडं यायचं तर आता मागच्या बाजूनं, बाय." दाराला कान लावून ठोकून बघितलं, वितीनं मापलं, एका कडेला चार हात रंधा मारला. दार पिसासारखं फिरायला लागलं. मग दिवाणावर बसून त्यानं मोजून सांगितलं की हरेश्वरभाऊंचे आता थोडेच राहिले, दिवाळीपर्यंत काठी घरी येईल. "एक छोटी होडी तरी बांधीन गं. नाळे गावाच्या बाजूला एकाला हवी हाय." रोशन तेव्हा ऑफिसातून आला. मामा म्हणून पायाला हात लावला आणि लगेच आत गेला, मोबाईल घेऊन. दोन वर्षं तो असाच आत जायचा. दादा बंद दाराकडे बघून म्हणाला, "दमतो पोरगा." ...आठवड्यानं दादा गेला.

शोकसभेहून घरी आल्यावर मी रोशनला जेवायला वाढलं नाही. त्याच्यासमोर बसले. म्हटलं, "तू का नाही उठलास?"

"तू का नाही उठलीस?" तो म्हणाला.

खरं होतं. तरी मी म्हटलं, "मला बोलता येत नाही. तुला येतं. तुला बोलता यावं म्हणून तो बोटी बांधत होता."

मग तो रडला. एवढा मोठा झाल्यावर पहिल्यांदाच. म्हणाला, "आई, मला माहीत होतं. नमुना दुसरीकडचा होता, खोल पाण्याच्या बंदराचा. नाव बदलून आपल्या बोटीला लावला. त्या रेतीवर मी लहानपणी रांगलोय, मला कळत नव्हतं का? मी साहेबांना एकदा म्हटलं, मामा म्हणतात मागची बाजू वर हवी. ते म्हणाले, काही लेखी आकडे आहेत का त्यांच्याकडे? मी काय सांगणार, काठी आहे? हसले असते. मग मी ते काढलंच नाही तोंडातून." मग म्हणाला, "आणि ते पत्र... कारागिराकडून त्रुटी... ते साहेबांनी सांगितलं आणि टाइप मी केलं."

मला वाटलं होतं मी ओरडेन. पण नाही ओरडले. त्याला काठीची लाज वाटली, मला माझ्या चौथीची. त्या लाजेनं आम्ही दोघांनी मिळून त्या माणसाला खाली बसवलं, ज्यानं आम्हाला दोघांना उभं केलं. मी उठून त्याला वाढलं. तो जेवला नाही, मीही नाही.

गेल्या रविवारी आम्ही अर्नाळ्याला गेलो. मोटारसायकलसाठी रोशननं साठवलेले पैसे पाकिटात होते, उरलेलं सगळं फिटेल एवढे. हरेश्वरभाऊ ओट्यावर होते, शेजारी दोघे जण जाळं शिवत होते. मी रोशनला म्हटलं, आत जाऊन बोलू. तो म्हणाला, "नको, इथेच." त्यानं पाकीट पुढे ठेवलं आणि सांगितलं. आधी शब्द अडकले, मग सगळं सांगितलं, दुसऱ्या बंदराचा नमुना, पाऊण वीत, पत्र कुणी टाइप केलं तेसुद्धा. जाळं शिवणाऱ्यांचे हात थांबले.

हरेश्वरभाऊंनी पाकीट हातात घेतलं, उघडलं नाही. मग म्हणाले, "दोन वर्षं तो मानूस भुसा झाडत होता. त्याला रोज कामाला जाताना मी बघत होतो. माझ्याशी मान खाली घालून बोलायचा. तवा कुठं होतास तू?"

मग मी बोलले. चार माणसांत, आयुष्यात पहिल्यांदा. "भाऊ, त्याचं ऐक असं दादाला मी सांगितलं होतं. काठी मला वाचता येते, तरी सांगितलं." आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी कानामागे हात धरला. मला परत सांगावं लागलं, मोठ्यानं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा कठीण होतं.

"हे त्याच्या सभेत बोलायचं होतं, ताई," ते म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी रागानंच पाकीट उघडलं आणि नोटा मोजल्या, एकदा, आणि पुन्हा एकदा. मी घाबरले, परत देतात की काय. पण त्यांनी त्या खिशात ठेवल्या, बरं केलं. घेतल्या नसत्या तर दादाचे कष्ट फुकट गेले असते.

मग ते स्टुलावर चढले आणि दारावरची काठी काढली. तिच्यावर धूळ नव्हती, कुणीतरी पुसत असावं. त्यांनी ती रोशनच्या हातात दिली. रोशननं दोन्ही हातांनी घेतली आणि जमिनीवर टेकवली, निमुळतं टोक खाली.

"जाड टोक खाली," मी म्हणाले, आणि त्याच्या हातात फिरवून दिली. दोन खुणा त्याच्या कमरेच्या जरा वर आल्या. तो त्यांच्यावर अंगठा फिरवत उभा राहिला.

हरेश्वरभाऊ त्या जाळं शिवणाऱ्या दोघांकडे बघून, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पैसे पूर्न आले. मोतीदादाकडं माझं आता काय बाकी नाय."